पेज तर काढलं, आता लोकांशी बोलायचं कसं?

मागच्या अंकात विचारलं होतं की तुमच्या संस्थेचं, ट्रस्टचं, ऑफिसचं फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप चॅनल कोण बघतं आणि त्यात काय काय अडचणी येतात. खरं सांगते, एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत, नावं आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. मी स्वतः हे काम बरीच वर्षं करतेय, सुरुवात एका वाचनालयाच्या पेजपासून झाली, तेव्हा पुढे जे सांगतेय त्यातलं निम्मं तरी चुका करून शिकलेलं आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. आमची संस्था रक्तदानाचं काम करते. फेसबुकवर साडेनऊ हजार फॉलोअर्स आहेत, रोज न चुकता पोस्ट टाकतो, पण लाईक येतात ते आमच्याच आठ-दहा कार्यकर्त्यांचे. नेमकं काय चुकतंय?

तुम्ही लिंक पाठवली होतीत म्हणून तुमचं पेज मी नीट बघितलं, पार मागे जाऊन. एकापाठोपाठ एक स्टेजचे फोटो, सगळे रांगेत उभे आणि खाली ‘शिबिर उत्साहात संपन्न झालं’. मग एका फोटोखाली एक कमेंट दिसली, एका बाईंनी विचारलंय की ‘मला थायरॉइडची गोळी चालू आहे, मी रक्त देऊ शकते का?’ तिला अकरा दिवस झाले होते आणि उत्तर नव्हतं. तिच्याखाली अजून एकाने लिहिलंय, ‘मलाही हेच विचारायचं होतं’. आणि त्याच फोटोला तुमच्या दहा जणांचे लाईक आहेत, म्हणजे दहा जण तिथे येऊन गेले, फोटो बघितला, अंगठा दिला आणि त्या बाईंचा प्रश्न तसाच ठेवून पुढे गेले.

माझ्या मते तुमचं सगळं उत्तर त्या दोन कमेंटमध्ये आहे. रक्त द्यायला तयार असलेली दोन माणसं तुमच्या दारात येऊन उभी होती. आजच त्यांना उत्तर द्या, ‘उशीर झाला, माफ करा’ असं म्हणून द्या. मग तुमच्या ब्लड बँकेच्या डॉक्टरांना मोबाइलसमोर उभं करा आणि हाच प्रश्न विचारा, कुठली औषधं चालू असली तर चालतं, कुठली असली तर थांबावं लागतं, टॅटू काढला असेल तर किती दिवस, अंगावर पाजणाऱ्या आईने काय करायचं. एक प्रश्न, एक मिनिट, एक व्हिडिओ. तुमच्याकडे वर्षभर पुरेल एवढं मटेरियल लोकांनीच कमेंटमध्ये लिहून ठेवलंय.

आणि साडेनऊ हजार या आकड्यावर फार जाऊ नका. फॉलो केलं म्हणजे तुमची पोस्ट त्या माणसाला दिसतेच असं नाही. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकच्या मार्क झुकरबर्गनी जाहीरच केलं होतं की फीडमध्ये घरच्यांच्या, मित्रांच्या आणि ज्यावर लोक आपसात बोलतात अशा पोस्ट वर येतील, आणि कंपन्या-संस्थांच्या पेजेसचं लोकांना कमी दिसेल. म्हणजे जिथे बोलणं होत नाही ती पोस्ट आपोआप मागे पडते, तुमचा फोटो कितीही चांगला असू दे.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. वाचनालयाच्या पेजवर मी दोन वर्षं नवीन आलेल्या पुस्तकांच्या याद्या टाकत होते, कोणी काही बोलायचं नाही. आमच्याकडे कपाटावर एका खोक्यात जुने फोटो होते, मागे ना तारीख ना नाव. एकदा त्यातला एक स्कॅन करून टाकला आणि एवढंच लिहिलं की यातलं कोणी कुणाला ओळखतंय का. संध्याकाळी एका मुलीने लिहिलं, ‘उजवीकडून दुसरे माझे आजोबा, ते इथे पुस्तकं बांधायचे, घरी त्यांची सुई अजून आहे.’ मग तिने सुईचा फोटो टाकला, जाड, थोडी वाकलेली, टोकाजवळ काळी पडलेली. मग तिच्या मावशीने लिहिलं, मग आजोबांच्या हाताखाली शिकलेल्या एका काकांनी लिहिलं, आणि आठवडाभरात त्या फोटोतल्या सातपैकी पाच जणांची नावं आमच्याकडे आली. रजिस्टरमध्ये कधीच मिळाली नसती.

हेच मोठ्या पातळीवर अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये केलं होतं. त्यांनी फ्लिकर या फोटो ठेवायच्या वेबसाइटवर आपल्या संग्रहातले सुमारे ३ हजार जुने फोटो ठेवले आणि लोकांना सांगितलं की तुम्हाला जे माहीत आहे ते लिहा. लोकांनी जागा ओळखल्या, माणसं ओळखली, जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून तारखा शोधल्या, आणि लायब्ररीच्या लोकांनी ती माहिती तपासून वर्षभराच्या आतच ५०० पेक्षा जास्त फोटोंच्या मूळ नोंदी सुधारल्या. तपासून, हा शब्द महत्त्वाचा आहे. लोकांनी सांगितलं आणि संस्थेने ते आपल्या कामात घेतलं, याला मी संवाद म्हणते.

प्रश्न : आमच्या ऑफिसचं पेज मी सांभाळतो. साधं सोप्पं लिहिलं की साहेब म्हणतात ‘ही काय भाषा आहे, संस्थेची काही प्रतिष्ठा आहे की नाही’. नोटिशीच्या भाषेत लिहिलं की कोणी वाचत नाही. मधला रस्ता काय?

साहेबांची काळजी खोटी नाही हो. संस्थेच्या नावाने जे बाहेर जातं ते जपूनच गेलं पाहिजे. पण प्रतिष्ठा आणि अवघड भाषा यांची गाठ कोणी बांधली मला कळत नाही.

त्यांना नासाचं उदाहरण दाखवा. २००८ साली फिनिक्स नावाचं यान मंगळावर उतरणार होतं, आणि नासाच्याच जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या माहिती विभागातल्या व्हेरोनिका मॅकग्रेगर यांनी त्याचं ट्विटर खातं सुरू केलं. तेव्हा एका ट्विटमध्ये १४० अक्षरंच बसायची. ‘यानाने अमुक केले’ असं लिहिण्यापेक्षा ‘मी केलं’ लिहिलं की जागा वाचते, म्हणून यानच स्वतः बोलतंय असं त्या लिहायला लागल्या. लोकांना ते इतकं आवडलं की ते यानाला थेट प्रश्न विचारायला लागले, थंडी किती आहे, आज काय खणलंस, आणि त्या एकेकाला उत्तर द्यायच्या. त्या जूनमध्ये तिथे बर्फ सापडल्याची बातमी त्या खात्यावरून गेली तीही अशीच, यान आनंदाने ओरडल्यासारखी. नासाची प्रतिष्ठा कुठे कमी झाली?

अजून एक मला फार आवडतं ते ओक्लाहोमा सिटीमधल्या काउबॉय म्युझियमचं. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे म्युझियम बंद झालं, आत फक्त सिक्युरिटीचे प्रमुख टिम. त्यांच्याकडेच ट्विटर सोपवलं. त्यांना यातलं काही येत नव्हतं, हॅशटॅग वापरा म्हटल्यावर त्यांनी ‘हॅशटॅग’ हा शब्दच अक्षरांत लिहिला. रोज एक वस्तू दाखवायची, दोन साधी वाक्यं, आणि खाली ‘थँक्स, टिम’. काही दिवसांत फॉलोअर्स लाखांवर गेले. घरात अडकलेल्या लोकांना एक खरा माणूस रोज भेटत होता, आणि त्याला त्या वस्तूंबद्दल मनापासून आपुलकी होती ती कळत होती. हे ठरवून, एजन्सी लावून होत नाही.

तुमच्या रोजच्या कामासाठी एक करून बघा. तुम्ही पाठवलेली नोटीस अशी आहे : ‘सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की तांत्रिक कारणास्तव दिनांक १४ रोजी कार्यालयीन कामकाज अंशतः बंद राहील.’ आता वाचणाऱ्याच्या मनात काय येईल? मी येऊ का नको? माझं काम होईल का? अंशतः म्हणजे काय? तर असं लिहा : ‘१४ तारखेला सकाळी ११ ते ३ कॉम्प्युटर बंद असणार आहेत. फॉर्म घेतले जातील, पण दाखले मिळणार नाहीत. दाखला हवा असेल तर १५ ला या. घाईचं असेल तर खाली लिहा, आम्ही बघतो.’ यात साहेबांना आक्षेप घ्यायला काहीच नाहीये. आणि सहीशिक्क्याची मूळ नोटीस ऑफिसच्या बोर्डवर लावा की, तिथे ती शोभते.

प्रश्न : लोक पेजवर येऊन वाटेल ते बोलतात. डिलीट करावं का? ब्लॉक करावं का? आमच्या कमिटीत यावरून दोन गट पडलेत.

आधी ठरवा की ‘वाटेल ते’ म्हणजे काय. आईबहिणीवरून शिवी, कुणाच्या जातीधर्मावरून घाण, कुणाचा फोन नंबर टाकणं, धमकी, हे काढा, लगेच काढा, आणि स्क्रीनशॉट ठेवून काढा. पण ‘तुमच्या काउंटरवरच्या माणसाने मला तीनदा परत पाठवलं’ हे वाटेल ते नाही, ही तक्रार आहे, आणि ती तुमच्यापर्यंत पोचली हे तुमचं नशीब. ती काढलीत की तो माणूस दुसऱ्या दहा ठिकाणी जाऊन लिहील आणि त्यात ‘माझी कमेंट पण उडवली’ हे जोडेल, आणि लोक त्याच्यावरच विश्वास ठेवतील.

काय काढणार आणि काय ठेवणार याचे चार-पाच नियम लिहून पेजवर सगळ्यात वर पिन करून ठेवा, म्हणजे कमिटीतलं भांडणही मिटेल, कारण मग माझं-तुझं राहत नाही, नियम राहतो. सरकारी किंवा निवडून आलेल्या माणसाचं पेज असेल तर ब्लॉक करताना दहादा विचार करा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मध्ये यावर निकाल दिलाय, की अधिकाऱ्याला सरकारच्या वतीने बोलायचा अधिकार असेल आणि त्या पोस्टमध्ये तो तोच अधिकार वापरत असेल, तर लोकांना ब्लॉक करणं किंवा त्यांच्या कमेंट काढणं हे त्यांच्या बोलण्याच्या हक्काच्या आड येऊ शकतं. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, पण त्यामागचं कारण मला तरी पटतं, सार्वजनिक खिडकीवर माणूस बघून दार लावता येत नाही.

तक्रारीला उत्तर कसं द्यायचं? ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे’ हे कृपा करून लिहू नका. हेच वाक्य एकाखाली एक आठ जणांना चिकटवलेलं मी बघितलंय आणि त्या आठही लोकांना ते दिसतं. नाव घेऊन लिहा, कुठल्या दिवशी झालं विचारा, खाजगी तपशील इनबॉक्समध्ये मागा, आणि काम झालं की परत त्याच कमेंटखाली येऊन लिहा की झालं. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळे विसरतात आणि तीच बाकीचे वाचतात. नाही होऊ शकलं तर का नाही तेही लिहा.

एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधला ज्वालामुखी फुटून युरोपातली विमानं बंद पडली तेव्हा केएलएम या विमान कंपनीचे फोन इतके भरून गेले की लोक फेसबुक आणि ट्विटरवर विचारायला लागले. कंपनीने वेगवेगळ्या विभागांतली माणसं उचलून उत्तरं द्यायला बसवली, आणि नंतर तेच कायमचं काम झालं, चोवीस तासांचं. पुढे तर ते पेजवरच लिहायला लागले की आत्ता विचारलंत तर उत्तर यायला साधारण किती मिनिटं लागतील. लोक थांबायला तयार असतात, फक्त किती वेळ थांबायचं ते कळलं पाहिजे.

प्रश्न : पैसे देऊन फॉलोअर्स वाढवून देतो म्हणणारे खूप फोन येतात. घ्यावेत का?

नाही. ती माणसं नसतातच. उलट ज्यांना कधीच काही लाइक करायचं नाही असे हजारो खोटे लोक तुमच्या यादीत आले की तुमची पोस्ट कुणालाच आवडत नाहीये असं फेसबुक-इन्स्टाच्या यंत्रणेला वाटतं. एखादी महत्त्वाची पोस्ट पैसे भरून आपल्याच भागातल्या लोकांना दाखवणं ही वेगळी गोष्ट आहे, ते अधूनमधून करायला हरकत नाही.

प्रश्न : पूर आला, आग लागली की सगळ्यात आधी अफवा पसरतात. आम्ही मदतकार्य करणारी छोटी संस्था आहोत. आम्ही त्यावेळी सोशल मीडियावर काय करावं? का गप्प बसावं?

गप्प बसू नका. तुम्ही गप्प बसलात तर ती जागा रिकामी राहत नाही, तिथे कोणीतरी दुसरं बोलतंच.

यात मी नेहमी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड पोलिसांचं उदाहरण देते. डिसेंबर २०१० आणि जानेवारी २०११ मध्ये तिथे प्रचंड पूर आला होता. पोलिसांच्या मीडिया विभागाने नेहमीची पद्धत बदलली, म्हणजे आधी प्रेसनोट, मग मंजुरी, मग पेपरात, हे सगळं सोडून माहिती हातात आली की थेट फेसबुक आणि ट्विटरवर टाकायला सुरुवात केली. पत्रकार परिषदाही लाइव्ह जायच्या आणि कोण काय म्हणालं ते त्याच वेळी टाइप करून टाकलं जायचं. आणि अफवांसाठी त्यांनी ‘मिथबस्टर’ असा वेगळा हॅशटॅगच काढला. कुठलं तरी धरण फुटलं, कुठेतरी पेट्रोल संपलं असं काही फिरायला लागलं की ते तपासायचे आणि त्या टॅगखाली सांगायचे की हे खरं नाही. पत्रकारही तीच माहिती उचलायचे, त्यामुळे रेडिओ-टीव्हीवरच अफवा थांबायची.

तुम्ही छोटे आहात म्हणून यातलं सगळं जमणार नाही, पण तीन-चार सवयी जमतील. प्रत्येक पोस्टमध्ये तारीख आणि वेळ लिहा, ‘आत्ता’ लिहू नका, कारण ‘आत्ता रस्ता बंद आहे’ हे दोन दिवसांनी पण फॉरवर्ड होत राहतं आणि लोक हकनाक वळसा घालतात. अफवा खोडताना ती अफवाच मोठ्या अक्षरात परत छापू नका, खरं काय आहे ते आधी आणि ठळक लिहा. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा आणि पुढची माहिती किती वाजता देणार ते सांगा, आणि त्या वेळेला खरंच द्या, नवीन काही नसलं तरी ‘अजून काही कळलेलं नाही’ एवढं लिहायला या. चूक झाली तर गुपचूप एडिट करू नका, ‘दुरुस्ती’ लिहून करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे पेज पुराच्या दिवशी सुरू करून उपयोग नसतो. लोक संकटात त्याच्याकडेच बघतात ज्याला ते आधीपासून ओळखतात, म्हणून बाकीच्या ३६० दिवसांत जी उत्तरं दिलीत तीच त्या पाच दिवसांत कामाला येतात.

प्रश्न : आमच्या नवीन इमारतीचं नाव काय ठेवावं यासाठी ऑनलाइन पोल घ्यायचा विचार आहे. लोकांचा सहभाग वाढेल ना?

वाढेल, पण आधी एक ठरवा. पहिलं आलेलं नाव तुम्हाला अजिबात नको असलं तर काय करणार?

२०१६ मध्ये ब्रिटनच्या निसर्ग पर्यावरण संशोधन परिषदेने नवीन संशोधन जहाजाचं नाव लोकांना विचारलं. कोणीतरी गंमत म्हणून ‘बोटी मॅकबोटफेस’ सुचवलं आणि ते १,२४,१०९ मतं घेऊन पहिलं आलं. शेवटी जहाजाला सर डेव्हिड ॲटनबरो यांचं नाव दिलं, आणि त्याच्यासोबतच्या छोट्या पिवळ्या पाणबुडीला बोटी मॅकबोटफेस. पाणबुडी पुढे खरोखर अंटार्क्टिकाजवळच्या खोल समुद्रात संशोधनाला गेली आणि शाळेतली मुलं तिच्यामुळे हे संशोधन वाचायला लागली, म्हणजे वाईट काहीच झालं नाही. पण मत देऊन आपलं ऐकलं नाही ही भावना काही लोकांच्या मनात राहिलीच. परिषदेने आधीच नियमांत लिहिलं होतं की शेवटचा निर्णय आमचा, पण नियम कोण वाचतं?

तुम्ही असं करा, सूचना सगळ्यांकडून मागवा, त्यातून कमिटीला चालतील अशी चार नावं निवडा आणि मग त्या चारांवर मतदान घ्या, आणि जे येईल ते ठेवा. निर्णय आधीच झाला असेल तर मात्र पोल घेऊ नका. ‘आम्ही हे नाव ठेवलंय, यामागचं कारण असं’ एवढं सरळ सांगा. लोकांना विचारून न ऐकणं हे न विचारण्यापेक्षा जास्त लागतं. पुढच्या वेळी तुम्ही खरंच विचाराल तेव्हा कोणी येणार नाही.

प्रश्न : बादलीभर बर्फाचं पाणी अंगावर घ्यायच्या चॅलेंजसारखं काहीतरी व्हायरल करायचंय, आमच्याकडे उत्साही मुलं आहेत. कसं करावं?

मुलांचा उत्साह वापरा, पण त्यांच्या डोक्यावर व्हायरलचं ओझं देऊ नका. २०१४ च्या उन्हाळ्यातलं ते आइस बकेट चॅलेंज एएलएस असोसिएशनने, म्हणजे एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या मज्जातंतूंच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेने, तयार केलेलंच नव्हतं. आधी लोक वेगवेगळ्या कामांसाठी ते करत होते, मग तो आजार असलेल्या काही तरुणांनी आणि त्यांच्या मित्रांनी ते उचललं, त्यात पीट फ्रेट्स हा बेसबॉल खेळाडू होता, आणि ते पसरलं. चोवीस तासांत पाणी ओता नाहीतर पैसे द्या आणि अजून तीन जणांची नावं घ्या, एवढा सोपा नियम. असोसिएशनकडे ११.५ कोटी डॉलर आले. त्यातला बराचसा पैसा संशोधनाला गेला आणि २०१६ मध्ये या आजाराशी संबंध असलेलं एनईके१ नावाचं जनुक ओळखण्याच्या कामाला त्याचा हातभार लागला. पुढच्या वर्षी परत तेच करायचा प्रयत्न झाला तेव्हा त्या मानाने फारच कमी पैसे जमले.

मला यातून जे दिसतं ते असं की लाट आणता येत नाही पण ती आली तर आपण तयार पाहिजे. देणगीची लिंक चालते का? पावती आपोआप जाते का? पहिल्यांदा पैसे देणाऱ्याला तीन महिन्यांनी कोणी सांगतं का की तुमच्या पैशाचं काय झालं? हे आधी नीट करा. बाकी मुलांना म्हणावं तुमच्या कामाचा एक खरा दिवस शूट करा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

प्रश्न : आम्ही मुलांसाठी काम करतो. त्यांचे फोटो टाकले की मदत चांगली येते. पण मनाला खटकतं. काय करावं?

खटकतंय ना, ते खरं आहे, ते ऐका. ज्या मुलाचा चेहरा आज ‘गरजू’ म्हणून तुमच्या पेजवर आहे तो पंधरा वर्षांनी कुठेतरी नोकरीला लागेल आणि कोणीतरी त्याचं नाव सर्च करेल. पालकांची सही घेतली म्हणजे झालं असं नाही, कारण जिथून मदत मिळते तिथे नाही म्हणायला माणसं घाबरतात. मागून काढलेला फोटो, हातांचा, वहीचा, मुलांनी काढलेल्या चित्राचा, यानेही मदत येते. जरा कमी येईल कदाचित, पण मी तरी हेच करेन. आणि जुने फोटो कोणी काढा म्हटलं तर कारण न विचारता काढा.

फोटोवरूनच अजून एक. एका अंध वाचकांनी लिहिलंय की बहुतेक संस्था सगळी माहिती फोटोत टाकतात, नोटिशीचा फोटो, पोस्टरचा फोटो, आणि त्यांचं स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरची अक्षरं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर, ते वाचूच शकत नाही, त्यांना फक्त ‘इमेज’ एवढंच ऐकू येतं. हे वाचून मला माझ्या जुन्या पोस्ट आठवल्या आणि वाईट वाटलं. पोस्टरवर जे लिहिलंय तेच खाली टाइप करून टाका, एवढंच लागतं. फोटो अपलोड करताना त्याचं वर्णन लिहायची सोय, ऑल्ट टेक्स्ट म्हणतात ती, बहुतेक ठिकाणी असते. जुलै २०२२ मध्ये जेम्स वेब या अंतराळातल्या दुर्बिणीचे पहिले फोटो आले तेव्हा त्यांच्यासोबत असं वर्णन इतकं सविस्तर लिहिलं होतं, ढगांचे रंग, कडा, तारे कुठे कसे पसरलेत, की न बघू शकणाऱ्या माणसालाही ते आकाश समोर उभं राहावं. वर्णन डोळस लोकांनीही आवडीने वाचलं. व्हिडिओखाली अक्षरं टाकणंही तसंच, ऐकू न येणाऱ्यांसाठी, आणि आवाज बंद ठेवून बघणारे तर खूपच असतात.

प्रश्न : ताई, मी एका प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची स्वयंसेवक आहे, वय २३. पेज मीच सुरू केलं, पासवर्डही माझ्याकडेच. रात्री बारालाही मेसेज येतात, ‘गाडीने कुत्रं उडवलंय, लवकर या’. उत्तर दिलं नाही तर झोप लागत नाही, दिलं तर लोक म्हणतात एवढ्या उशिरा का. सोडून द्यावंसं वाटतं पण मग कोण बघणार?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझ्यावर जे आलंय ते एका माणसाचं काम नाहीच, ही संस्थेची चूक आहे, तुझी नाही. बाहेरून पेज दिसतं पण त्यामागे एकच मुलगी मोबाइल उशाशी घेऊन जागी आहे हे कमिटीला बहुतेक माहीतच नसेल, तेव्हा आधी ते त्यांना सांग, संकोच करू नकोस.

पेजला अजून किमान दोन जणांना पूर्ण ॲक्सेस दे, त्यातला एक कमिटीतला. पासवर्ड कागदावर लिहून द्यायचा नाही, फेसबुकवर प्रत्येकाला स्वतःच्या खात्यातून ॲक्सेस देता येतो तसा द्यायचा, आणि सगळ्यांनी टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डशिवाय अजून एक कोड मागणारी सोय, चालू करायचं. संस्था सोडलेल्या एका माणसाच्या खात्याला जोडलेलं पेज हॅक झालं आणि आठ वर्षांचं काम गेलं असं मी जवळून बघितलंय, त्यामुळे हे या आठवड्यातच कर.

मग वेळ ठरवा. सकाळी ८ ते रात्री ९ पेजवर उत्तर मिळेल, तीन जणांनी वार वाटून घ्यायचे. रात्रीसाठी इनबॉक्समध्ये आपोआप जाणारा मेसेज लाव, ‘आत्ता पेजवर कोणी नाही’ हे आधी सांगायचं, मग तुमच्या भागातला रात्री चालू असणारा जनावरांच्या दवाखान्याचा किंवा हेल्पलाइनचा नंबर, आणि मग नीट तीन ओळी : जखमी कुत्र्याला हात लावण्याआधी तोंडाजवळ जाऊ नका, दुखत असलं की पाळलेलं कुत्रंही चावतं, चादरीवर किंवा फळीवर घेऊन हलवा, पाणी जबरदस्तीने पाजू नका. हे तुमच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घे. रात्री बारा वाजता रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला तुझ्या ‘येतो’ पेक्षा या तीन ओळी जास्त कामाच्या आहेत, आणि त्या तू झोपलेली असतानाही जातील.

गेल्या महिन्यातले रात्रीचे सगळे मेसेज मोजून, प्रिंट काढून पुढच्या मीटिंगला घेऊन जा. तोंडी सांगितलंस तर कोणीतरी म्हणेल ‘बघू’. आणि मीटिंगमध्ये काय ठरलं ते मला कळव.